शिवी आणि मालकी

(वाशीम येथे महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या सत्राचा विषय ‘मोबाईलवरचे खेळ, शिवीगाळ आणि कॉपीराइट’ असा आहे. सोयाबीनचा भाव, बचतगटाचं कर्ज, घरातली मारहाण हे सगळं सोडून हे काय मध्येच काढलं, असं काहीजणींना वाटलं असेल. पण रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत कुठल्याही गावात संध्याकाळी पारावर नजर टाका. चार पोट्टे एका मोबाईलवर वाकलेले दिसतील. ते दरवेळी स्वतः खेळत असतात असं नाही. पुष्कळदा दुसरा कोणी खेळतो आहे आणि हे बघताहेत. खेळता खेळता तो बोलतो, हसतो, शिव्या देतो. यालाच स्ट्रीमिंग म्हणतात आणि असं खेळणाऱ्याला स्ट्रीमर. हजारो, कधी लाखो मुलं त्याला बघतात. जाहिराती आणि बघणाऱ्यांनी दिलेले पैसे यांतून त्याची कमाई होते.

यातले सगळे वाईट बोलतात असं मी म्हणत नाही. पुष्कळ मुलं नीट खेळतात, नीट बोलतात. पण आयाबहिणींवरून शिवी देणं, खेळात एखादी मुलगी आली की तिच्या आवाजावरून, अंगावरून बोलणं, तिचा फोटो पडद्यावर आणून बघणाऱ्यांना त्यावर शेरे मारायला लावणं, हाही या धंद्याचा एक भाग झाला आहे. पारावरची टवाळी पूर्वी गावापुरती राहायची. आता तिला प्रेक्षक मिळाले आणि प्रेक्षकांमुळे पैसा मिळाला.

हे थांबवायचं कसं, हा प्रश्न आपल्या गटांसमोर येतो. आणि हल्ली त्यावर एक सोपा उपाय सुचवला जातो: ‘कॉपीराइट स्ट्राइक मारा, व्हिडिओ लगेच उतरतो.’ पोलीस ठाण्यात दहा खेटे घालण्यापेक्षा हा रस्ता बरा वाटतो. या रस्त्याबद्दलच मला आज बोलायचं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: जे खरोखर आपण निर्माण केलं आहे त्याच्यापुरता कॉपीराइट जरूर वापरावा. पण बाईच्या अपमानाचा प्रश्न मालमत्तेच्या कायद्याकडे सोपवू नये. तसं केलं तर अपमान बाजूला राहतो, आणि तेच हत्यार उद्या आपल्यावर चालतं.

आधी खेळाची मालकी समजून घेऊ. मोबाईलवरचा खेळ हा कायद्याच्या दृष्टीने चित्रपटासारखा किंवा पुस्तकासारखा असतो. त्यातली चित्रं, संगीत, संगणकाची आज्ञावली या सगळ्यांवर कंपनीचा कॉपीराइट असतो. स्ट्रीमर तो खेळ लोकांना दाखवतो तो बहुतेक वेळा कंपनीच्या मुभेवर. फुकट जाहिरात होते म्हणून कंपन्या मुभा देतात. पण मनात आलं तर ‘आमचा खेळ परवानगीशिवाय दाखवला’ म्हणून त्या तक्रार करू शकतात.

असं एकदा जगाच्या डोळ्यांसमोर घडलं. प्यूडीपाय या नावाने प्रसिद्ध असलेला फेलिक्स शेलबर्ग हा स्वीडिश स्ट्रीमर. २०१७ मध्ये यूट्यूबवर त्याचे पाच कोटींहून अधिक वर्गणीदार होते. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये पब्जी खेळताना त्याने थेट प्रक्षेपणात काळ्या लोकांबद्दलची अत्यंत हीन शिवी वापरली. त्यावर ‘फायरवॉच’ नावाचा दुसराच एक खेळ बनवणाऱ्या कॅम्पो सँटो या कंपनीने जाहीर केलं की अशा माणसाने आमचा खेळ दाखवून पैसे मिळवावेत हे आम्हाला मान्य नाही. त्यांनी कॉपीराइटची तक्रार केली आणि त्याचा ‘फायरवॉच’चा व्हिडिओ उतरवला गेला.

ऐकायला बरं वाटतं. पण नीट पाहा. शिवी दिली एका खेळात आणि व्हिडिओ उतरला दुसऱ्या खेळाचा, ज्यात ती शिवी नव्हतीच. शिवाय याच कंपनीने आधी सगळ्यांना आपला खेळ दाखवायची मुभा दिलेली होती. साहजिकच वाद पेटला तो कॉपीराइटवर. दिलेली परवानगी अशी मागे घेता येते का? खेळ दाखवणं हा अमेरिकेच्या कायद्यातला ‘फेअर यूज’, म्हणजे परवानगीवाचूनही करता येणारा रास्त वापर, ठरतो का? यावर पुष्कळ चर्चा झाली. ज्यांच्याबद्दल ती शिवी होती ते लोक मात्र या चर्चेत मागे पडले. कंपनीचा संताप खरा होता, याबद्दल मला शंका नाही. पण तिच्या हातातला कायदा फक्त एवढंच विचारत होता की माल कोणाचा.

दुसरी घटना बाईची आहे. मे २०१८ मध्ये याच प्यूडीपायने बायका-मुलींच्या स्ट्रीमिंगचे तुकडे दाखवून त्यांची टर उडवली आणि त्यांच्यासाठी चारित्र्यावर जाणारा शब्द वापरला. त्या तुकड्यांत अलिनिटी या नावाने स्ट्रीमिंग करणारी एक बाई होती. तिने चिडून आपल्या प्रक्षेपणात त्याच्यावर कॉपीराइटची तक्रार करण्याची भाषा केली. झालं! त्याचे चाहते तिच्यावर तुटून पडले. त्याने वापरलेला शब्द विसरला गेला आणि ही बाई कॉपीराइटचा गैरवापर करते, हाच मोठा गुन्हा ठरला. ‘तुम्ही आम्हाला या शब्दाने का हाक मारता?’ हा तिचा खरा प्रश्न होता. पण कॉपीराइटचं नाव घेतल्याबरोबर जाब देण्याची पाळी तिच्यावर आली.

आता याची दुसरी बाजूही पाहायला हवी, कारण फेअर यूज ही फक्त शिव्या देणाऱ्यांची ढाल आहे असा गैरसमज व्हायला नको. मॅट हुसेनझादे नावाच्या एका अमेरिकन माणसाने एक व्हिडिओ केला होता. त्यात नायक एका मुलीच्या मागे लागतो, ती त्याला उड्या मारत पळायचं आव्हान देते, आणि हा तिला गाठतो. ईथन आणि हिला क्लाइन या जोडप्याने त्यातले तुकडे दाखवून, मध्ये मध्ये थांबवून, त्याची खिल्ली उडवत टीका केली. हुसेनझादेने २०१६ मध्ये त्यांच्यावर कॉपीराइटचा दावा लावला. ऑगस्ट २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने निकाल दिला की ही टीका आहे आणि टीकेसाठी केलेला असा वापर रास्त आहे. याच निकालात न्यायाधीशांनी हेही सांगितलं की असे सगळेच व्हिडिओ रास्त ठरत नाहीत. नुसतं दुसऱ्याचं सगळं दाखवत बसायचं आणि मधून मधून हसायचं, ही गोष्ट वेगळी.

मैत्रिणींनो, हा निकाल आपल्या कामाचा आहे. शिबिरात आपण काय करतो? मालिकेतला प्रसंग दाखवतो, थांबवतो आणि विचारतो: इथे सुनेच्या तोंडी हे वाक्य का घातलं? ‘नाही’ म्हणणाऱ्या नायिकेच्या मागे नायक लागतो, त्याला प्रेम का म्हणायचं? बायकांच्या चळवळीने जाहिराती, पोस्टर, सिनेमाची गाणी यांच्यावर टीका केली ती त्या वस्तू लोकांसमोर ठेवूनच. ज्याच्यावर टीका करायची ते दाखवायचीच बंदी असेल तर टीका कशी करणार?

आपल्याकडे याला ‘फेअर डीलिंग’ म्हणतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये ते आहे. खाजगी उपयोग आणि संशोधन, टीका किंवा समीक्षा, आणि चालू घडामोडींचं वार्तांकन, या कारणांसाठी केलेला रास्त वापर हा कॉपीराइटचा भंग नाही. अमेरिकेतला रास्त वापर मोकळा आहे, न्यायालय प्रत्येक वेळी तोलून पाहतं. आपल्याकडे कारणं कायद्यातच मोजून दिली आहेत आणि वापर त्यांपैकी एकात बसावा लागतो. १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयासमोर असा वाद आला होता. एका गाजलेल्या नाटकातले प्रसंग घेऊन त्याच्यावर टीका करणारं प्रतिनाटक लिहिलं गेलं होतं. न्यायालयाने टीकेसाठी केलेला तो वापर रास्त मानला.

आता आपल्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. समजा, मंगरूळपीरकडची एक मुलगी मोबाईलवर खेळते. एका स्ट्रीमरने तिचा फोटो उचलला, थेट प्रक्षेपणात दाखवला आणि घाणेरडं बोलला. तिला कॉपीराइटचा उपयोग होईल का? कायद्याचा पहिला प्रश्न असेल: फोटो काढला कोणी? फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारी व्यक्ती. तिने स्वतः सेल्फी काढला असेल तर कॉपीराइट तिचा. मैत्रिणीने काढला असेल तर मैत्रिणीचा. पैसे देऊन काढून घेतला असेल तर, वेगळा करार नसल्यास, काढून घेणाऱ्याचा. म्हणजे लग्नाचे फोटो ज्याने सांगून, पैसे मोजून काढून घेतले त्याचे. आपल्याकडे तो बहुधा बाप नाहीतर सासरा.

आणि प्रियकराने किंवा नवऱ्याने काढला असेल तर? तर कर्ता तो. १९९४ साली जळगावचं प्रकरण उघडकीला आलं तेव्हा मुलींची छायाचित्रं हेच त्यांना धमकावण्याचं साधन होतं, हे आपल्यापैकी जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. अशा छायाचित्रांनाही कॉपीराइटच्या भाषेत कर्ता आहे आणि तो कॅमेरा धरणारा आहे. ज्या कायद्यात बाईचा चेहरा, बाईचं शरीर बाईचं नसून कॅमेरावाल्याचं ‘कृत्य’ ठरतं, त्या कायद्यावर आपण तिच्या अब्रूची भिस्त किती ठेवायची?

बरं, सेल्फी तिचाच आहे असं धरू. २०१३ च्या कॉपीराइट नियमांतल्या ७५ व्या नियमाप्रमाणे ती कंपनीला लेखी नोटीस देऊ शकते. कंपनीने ३६ तासांत तो मजकूर लोकांना दिसणं थांबवायचं. पण २१ दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर कंपनी तो पुन्हा दाखवू शकते. रोजमजुरी करणाऱ्या घरातल्या मुलीला तीन आठवड्यांत कॉपीराइटचा दावा लावून आदेश आणणं जमेल का, हे तुम्हीच सांगा.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, ती सगळ्यांनी लिहून घ्या. यूट्यूबवर कॉपीराइटच्या तक्रारीने व्हिडिओ उतरला की त्या जागी तक्रार करणाऱ्याचं नाव दिसतं आणि व्हिडिओ टाकणाऱ्यालाही ते कळतं. ज्या मुलीला आपलं नाव लपवायचं आहे, तिचंच नाव शिवी देणाऱ्याच्या हातात जातं. अलिनिटीवर काय वेळ आली ते आत्ता सांगितलंच. म्हणून घाईघाईने कोणाही मुलीला ‘स्ट्राइक मार’ असा सल्ला देऊ नका.

हे हत्यार आपल्यावर उलटेल असं मी म्हणाले, त्याचं उदाहरण लांब जाऊन शोधायला नको. मे २०२५ मध्ये काही यूट्यूबरांनी एएनआय या वृत्तसंस्थेवर जाहीर आरोप केले की काही सेकंदांच्या दृश्यांवरून संस्था स्ट्राइक देते आणि ते मागे घेण्यासाठी लाखो रुपये मागते. संस्थेने आपल्या हक्काचं समर्थन केलं आणि वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. त्यात कोण बरोबर ते न्यायालय पाहील. आपण एवढंच लक्षात घ्यायचं की ९० दिवसांत तीन स्ट्राइक बसले की यूट्यूबवरचं अख्खं चॅनेल जाऊ शकतं. उद्या एखाद्या महिला गटाने पुढाऱ्याच्या बायकांविषयीच्या बेताल भाषणातला तुकडा दाखवून टीका केली, आणि त्या चित्रीकरणाच्या मालकाने तीन तक्रारी ठोकल्या, तर त्या गटाची वर्षांची मेहनत पुसली जाईल.

यावर कोणी म्हणेल, मग ‘आक्षेपार्ह’ बोलण्यावरच कडक बंदी आणावी. तोही अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन तरुण मुलींना अटक झाली. एकीने मुंबईतल्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या होत्या आणि दुसरीने त्या आवडल्याचं कळवलं होतं. त्या वेळी लावलेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये ‘आक्षेपार्ह’ असा मोघम शब्द होता. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. मोघम शब्दांचा कायदा आला की त्यात सापडायला पोरी आधी सापडतात.

मग करायचं काय? जी हानी झाली तिचं नाव घेणारे कायदे आहेत, ते वापरायचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. तिच्यात कलम ७५ लैंगिक छळाचं आहे, ७७ चोरून पाहण्याचं व चित्र काढून पसरवण्याचं, ७८ पाठलागाचं. या पाठलागात इंटरनेटवरून पाळत ठेवणंही येतं. कलम ७९ स्त्रीच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूने काढलेल्या शब्दांबद्दल आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘विनय’ हा शब्द मला आवडत नाही. बाईची प्रतिष्ठा तिच्या विनयात नसते, आणि हे आपली चळवळ कितीतरी वर्षं सांगत आली आहे. पण कलम हाताशी आहे तोवर ते वापरावं. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ई, ६७ आणि ६७अ ही कलमंही आहेत. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर पॉक्सो लागतो. दलित किंवा आदिवासी बाईला जातीवरून बोललं असेल तर अॅट्रॉसिटीचा कायदा विसरू नका.

तिचं नग्न किंवा बनावट केलेलं चित्र पसरवलं असेल तर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांखाली थेट कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जाता येतं. हे नियम आले तेव्हाच असा मजकूर काढायला २४ तासांची मुदत घातली होती. यात फोटो कोणी काढला हा प्रश्नच येत नाही. ती त्यात आहे आणि तिची संमती नाही, एवढं पुरतं. कंपनीने दाद दिली नाही तर ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे जाता येतं. शेजारच्या मध्य प्रदेशातल्या एका नामवंत गेमर मुलीच्या नावाने २०२५ च्या अखेरीस एक बनावट अश्लील व्हिडिओ फिरवला गेला. तिचं नाव मी मुद्दाम घेत नाही. तिने महाराष्ट्र सायबरकडे तक्रार केली आणि गुन्हा नोंदवून घ्यायला लावला. लाखो लोक ओळखत असताना ती गप्प बसली नाही, हे आपल्या मुलींना सांगण्यासारखं आहे.

पुराव्याचं काम मात्र आपल्या गटांनी शिकायलाच हवं. थेट प्रक्षेपण संपलं की पुष्कळदा ते काढून टाकलं जातं. म्हणून आधी स्क्रीनशॉट, लिंक, चॅनेलचं नाव, तारीख आणि वेळ टिपून ठेवा. शक्य असेल तर दुसऱ्या मोबाईलने पडद्याचं चित्रीकरण करा. न्यायालयात हे मांडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, ते वकिलाकडून समजून घ्या. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण चालत नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बायका-मुलांविषयीच्या लैंगिक स्वरूपाच्या मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते. ठाण्यात ‘खेळात असं चालायचंच’ असं ऐकवलं जाईल. घरातल्या मारहाणीबद्दलही एके काळी हेच ऐकवलं जायचं.

खेळ बनवणाऱ्या कंपन्यांकडेही आपली मागणी असली पाहिजे. खेळ दाखवायची परवानगी त्या देतात ना? मग त्या परवानगीच्या अटींतच उघडपणे लिहा की बाई, जात, धर्म यांवरून शिवीगाळ करणाऱ्याला ती मिळणार नाही. तक्रार कुठे करायची ते मराठीतही लिहा. अट आधी जाहीर असली आणि सगळ्यांना सारखी लागली, तर एका दिवशी रागावून स्ट्राइक देण्यापेक्षा ते न्याय्य होईल.

शेवटचा मुद्दा आपल्या निर्मितीचा. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या रचणाऱ्या असंख्य बायकांची कॉपीराइटच्या कायद्यात नोंद नाही, कारण त्याला एक कर्ता आणि एक तारीख लागते. पण गाणारीला हक्क आहे. कलम ३८ प्रमाणे तिच्या गायनावर तिचा हक्क ५० वर्षं राहतो आणि संमतीवाचून ते ध्वनिमुद्रित करता येत नाही. पोहरादेवीच्या यात्रेत, तांड्यावर तीजेला बंजारा बायका गातात. उद्या कोणी ते मोबाईलवर घेऊन व्हिडिओखाली पार्श्वसंगीत म्हणून लावलं, तर इथे कॉपीराइटचा कायदा हक्काने वापरा. कारण इथे तक्रार खरोखर आपल्या श्रमाची आणि आपल्या आवाजाची आहे.

तेव्हा प्रत्येक तालुक्यातून निदान दोघीजणी पुरावा जपण्याचं आणि तक्रार लिहिण्याचं काम शिकून घेतील, असं आजच ठरवू या. तक्रार लिहिताना पहिल्या ओळीत बाईबद्दल काय बोललं गेलं ते स्पष्ट शब्दांत लिहा. फोटो कोणाचा, खेळ कोणाचा, हे त्यानंतर. आणि गावात परत गेलात की पारावरच्या त्या पोट्ट्यांशीही बोला. ते काय बघतात ते त्यांच्याबरोबर बसून बघा, व्हिडिओ थांबवा आणि विचारा: हे ऐकून तुम्ही का हसलात?